न भरणारी टाकी

आमच्या घरामागची विहीर माझ्या आजोबांनी खणली. ती घरापेक्षा जुनी आहे, कारण आधी पाणी लागते का ते पाहायचे आणि मगच पाया भरायचा, अशी त्या काळची रीत होती. वरचे दहा फूट दगडी बांधकाम, त्याखाली मुरूम, मग काळा पाषाण, आणि उत्तरेच्या अंगाला पाषाणातली एक तिरपी भेग, जिच्यातून पावसाळ्यानंतर दोन-अडीच महिने पाण्याची धार उघड्या डोळ्यांना दिसते. आजी त्या भेगेला झरा म्हणायची आणि पोहरा त्याच बाजूला सोडायला लावायची, कारण तिच्या मते तिथले पाणी सर्वांत नितळ होते.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याच विहिरीचा तपासणी अहवाल माझ्या हातात आला. नायट्रेट लिटरमागे ८४ मिलिग्रॅम आणि जंतुतपासणीच्या रकान्यात ‘पिण्यास अयोग्य’. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. क्षार, कठीणपणा, फ्लोराइड अशा काही घटकांना दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर त्या मानकात थोडी सवलत दिलेली आहे. नायट्रेटला ती नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात आधी आरोग्य सेवक आणि पुढे आरोग्य सहायक म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली. त्या काळात शेकडो विहिरींचे आणि हातपंपांचे पाणी मी बाटल्यांत भरले, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एसटीने प्रयोगशाळेत पोचवले. स्वतःच्या परसातल्या विहिरीचा नमुना मात्र मी एकदाही घेतला नव्हता. विहीर खाजगी होती आणि आमच्या नोंदवहीत फक्त सार्वजनिक स्रोत असत. घरच्या विहिरीचे पाणी चांगलेच असणार, हे आम्ही सगळ्यांनीच गृहीत धरलेले होते, आणि त्यात मीही आलो.

अहवाल निघाला तोही योगायोगाने. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे असते. आमच्या आशाताई त्या पाच जणींपैकी एक. संच हाताळायचा सराव करायला त्या आमच्याकडे आल्या, कारण ‘काकाजींना त्यातले कळते’ असा त्यांचा समज. त्यांनी आमच्या विहिरीचे पाणी छोट्या नळीत घेतले, पूड टाकली, हलवले आणि घड्याळ लावून बसल्या. पाणी आधी फिकट गुलाबी झाले आणि मग डाळिंबाच्या दाण्याइतके गडद. तक्त्यावरच्या शेवटच्या रंगाशी ते जुळत होते. जंतूंसाठी असलेली दुसरी बाटली आम्ही खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यातले पाणी काजळासारखे काळे झालेले होते. त्याच आठवड्यात मी रीतसर नमुने प्रयोगशाळेत पाठवले.

त्या वेळी माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिला दूध पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांनी बाळाला वरचे दूध सांगितले होते, आणि ती पावडर आम्ही याच विहिरीच्या पाण्यात कालवत होतो. पाणी नीट उकळून घ्यायचे, वीस मिनिटे खळखळू द्यायचे, हे मीच घरात बजावले होते. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. परंतु नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहते, आणि भांड्यात उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण आधीपेक्षा वाढते. बाटलीचे दूध पिणाऱ्या लहान बाळांच्या रक्तात अशा पाण्यामुळे प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि अंग निळसर पडते. विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट आणि बाळांचे निळे पडणे यांचा संबंध अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये पहिल्यांदा मांडला. हे मला प्रशिक्षणात शिकवलेले होते, परीक्षेत मी ते लिहिलेही होते. आमच्या बाळाला काही झाले नाही, त्या दिवसापासून त्याचे पाणी बदलले. पण ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला मी हजारो घरांत दिला आहे, आणि नायट्रेट असलेल्या विहिरीच्या पाण्याला तो अपुरा आहे, हे त्या घरांपैकी एकालाही मी कधी सांगितले नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही.

नायट्रेट आले कुठून, याचा शोध घ्यायला मी टेप घेऊन परसात उतरलो. गावठाणात त्याची तीन कारणे असू शकतात. गोठा आणि उकिरडा, वरच्या अंगाच्या शेतातला युरिया, आणि शौचालयाची टाकी. आमचा गोठा बंद होऊन पंधरा वर्षे झाली आणि शेत विहिरीच्या उताराला आहे. टाकी विहिरीपासून सव्वीस फुटांवर, म्हणजे आठ मीटरवर निघाली. तीही उत्तरेला, त्या झऱ्याच्या बाजूला.

ती टाकी बांधली तो दिवस मला चांगला आठवतो. संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी गावात शौचालयांची लाट आली. गाडगेबाबा आमच्या विदर्भाचे, शेजारच्या अमरावती जिल्ह्याचे. त्यांच्या नावाच्या अभियानात आरोग्य खात्याच्या माणसाच्या घरीच शौचालय नसावे, हे मला पटणारे नव्हते. गवंड्याने अकरा फूट खड्डा घेतला. मुरूम संपून पाषाण लागला आणि पाषाणात एक फट निघाली. त्याने दोन बादल्या पाणी ओतून पाहिले. पाणी डोळ्यांदेखत नाहीसे झाले. तो वर येऊन आनंदाने म्हणाला, “काकाजी, जागा लय मस्त लागली. आता हे टाकं तुमच्या नातवाच्या काळातबी भरत नाही.” मी त्याला खूश होऊन जास्तीचे शंभर रुपये दिले.

टाकी खरोखरच भरली नाही. वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही.

आमच्या भागात हे अभिमानाने सांगितले जाते. लग्नाच्या पंगतीत, पारावर, दवाखान्याच्या रांगेत घरबांधणीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतोच, की आमची टाकी अमुक वर्षांत भरली नाही. ज्याची टाकी दर तीन वर्षांनी भरते त्याला गवंडी वाईट मिळाला, असे समजतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सेप्टिक टाकी म्हणजे चारही बाजूंनी आणि तळालाही पक्की, पाणी न गळणारी, निदान दोन कप्प्यांची टाकी. तिच्यात मैला तळाशी बसतो, काही कुजतो, काही गाळ होऊन साचत जातो आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. वरचे पाणी बाहेर पडते ते स्वच्छ नसतेच. त्यात जंतू असतात, अमोनिया असतो, आणि ते शोषखड्ड्यात जाऊन मातीच्या थरांतून सावकाश गाळले जावे, अशी रचना असते. अशा टाकीने भरायलाच पाहिजे. जी भरत नाही ती टाकी नव्हे, ते खाली उघडे असलेले भोक आहे, आणि तिच्यात गेलेले सगळे कुठेतरी जात आहे. आमचे विहिरीत जात होते.

आपल्या जमिनीचा विचार केल्याशिवाय हे नीट समजत नाही. शेती काळीत आणि वस्ती पांढरीत, ही आपल्याकडची जुनी वाटणी. काळी माती उन्हाळ्यात हातभर फाटते आणि पावसात फुगते. तिच्यावर घर टिकत नाही, म्हणून गाव पांढरीवर बसते. पांढरीचा थर बहुतेक ठिकाणी काही फुटांचाच, त्याखाली मुरूम, त्याखाली पाषाण किंवा मांजऱ्या खडक. पश्चिम आणि मध्य विदर्भातला हा सगळा लाव्हारसाचा खडक. तो वाळूसारखा पाणी गाळत नाही. वाळूत पाणी कणाकणांमधून हळूहळू सरकते आणि सरकता सरकता जंतू अडकतात, मरतात. पाषाणात पाणी भेगांमधून पळते. एका भेगेच्या वाटेवर विहीर असेल आणि त्याच भेगेच्या वरच्या तोंडाशी खड्डा असेल, तर मधले आठ मीटर काहीच अडवत नाहीत. म्हणूनच नितळपणावर विश्वास ठेवता येत नाही. आजीच्या झऱ्याचे पाणी आजही तितकेच नितळ दिसते.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. पूर्वी पोहऱ्याने दिवसाला वीस-पंचवीस घागरी निघत, आता मोटर बसली आणि गच्चीवरची हजार लिटरची टाकी पंधरा मिनिटांत भरते. विहिरीतली पातळी एकदम खाली गेली की आजूबाजूच्या भेगांमधले पाणी तिच्याकडे अधिक जोराने ओढले जाते, खड्ड्याच्या बाजूचेही. दुसरे म्हणजे पावसाळा. भादव्यात आमच्या विहिरीचे पाणी जमिनीपासून सहा-सात फुटांवर येते. अकरा फूट खोल खड्ड्याचा तळ तेव्हा भूजलात बुडालेला असतो. गाळायला मधे माती उरतच नाही.

याच कारणासाठी स्वच्छ भारत मिशनमध्ये, जे २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झाले आणि ज्यात शौचालयामागे १२ हजार रुपये प्रोत्साहन अनुदान मिळाले, दोन उथळ खड्ड्यांच्या शौचालयाची शिफारस होती. तीन-चार फुटांचा खड्डा, एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे, पहिला दीड-दोन वर्षे झाकून ठेवायचा, मग त्यातून कोरडे, वास नसलेले खत काढायचे. चांगली पद्धत आहे. पण गावात लोकांनी काय केले, तर दोन खड्ड्यांचे पैसे आणि मजुरी एकाच खोल खड्ड्यात घातली. त्याला कारणे होती. खड्डा खत म्हणून हाताने रिकामा करायचा, ही कल्पनाच कोणाला सहन होत नव्हती, आणि ज्या समाजावर पिढ्यान्‌पिढ्या ते काम लादले गेले त्याची आठवण गावाला असल्यामुळे, आपण तो विचार न केलेला बरा, असे प्रत्येकाला वाटत होते. शिवाय काळ्या मातीत उथळ खड्ड्यातले पाणी मुरत नाही. बाजूने वाळूचा किंवा मुरमाचा थर दिल्याशिवाय तो पावसाळ्यात तुंबतो. तो थर कोणी दिला नाही, सांगितलाही नाही. लोकांनी दोन-चार तुंबलेले खड्डे पाहिले आणि पाझर लागेपर्यंत खोल जायचे, हे शहाणपण गावाने स्वतःच ठरवून टाकले.

देखरेख कोणाची, या प्रश्नाशी मी बरीच वर्षे राहिलो आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

सार्वजनिक पाण्यावर आपल्याकडे देखरेख आहे, आणि कागदावर ती चांगली आहे. गावात जलसुरक्षक असतो, तो पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, प्रत्येक सार्वजनिक स्रोताचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि साथ उद्भवली नाही तर चंदेरी. हे काम मी मनापासून केलेले आहे. विहिरीचा व्यास मोजायचा, दोरीला दगड बांधून पाण्याची खोली काढायची, हिशेब करायचा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होते, आणि हजार लिटरला किमान अडीच ग्रॅम धरले तर सत्तर ग्रॅम चांगली पावडर लागते, गढूळ पाण्याला त्याच्या दुप्पट. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे पाणी विहिरीत सोडायचे, तासभर थांबायचे आणि मग ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पाहायचे. नळीत पिवळा रंग आला की जीव भांड्यात पडतो. पावडरचे पोते मात्र उघडे राहिले की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो चुना. दमट खोलीत ठेवलेल्या, गोळे झालेल्या पावडरीने रंग कसा येणार?

अशाच एका पावसाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात गॅस्ट्रोची साथ आली. एकाच पुऱ्यातले चाळीसच्या आसपास रुग्ण, सगळे एका विहिरीवरचे. पावडर चांगली होती, मात्रा बरोबर होती, सकाळी ओटी चाचणीचा रंग यायचा आणि दुपारी नाहीसा व्हायचा. काहीतरी क्लोरीन खाऊन टाकत होते. तिसऱ्या दिवशी विहिरीच्या भिंतीवरून मी पलीकडे पाहिले तर नव्या शौचालयाचे पत्रे दिसले. टेप लावला, तीस फूट. मालक भला माणूस, अंगणात खाट टाकून त्याने मला बसवले, चहा दिला आणि म्हणाला, “साहेब, खड्डा माह्या जागेत हाय, विहीर ग्रामपंचायतीची हाय. तुमच्या विहिरीसाठी मी माहा खड्डा कायले बुजवू? अन् अनुदानाचा फोटो काढाले आले तवा तं कोनी टेप आनला नोयता.”

त्याच्या या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हते. शौचालयाचा फोटो काढणारा वेगळा, विहिरीत पावडर टाकणारा वेगळा, नमुना नेणारा वेगळा. दोन्हींच्या मधले अंतर कोणाच्याच कामात बसत नव्हते.

अंतराचे नियम नाहीत असे मुळीच नाही. सेप्टिक टाकीसंबंधीचे भारतीय मानक, आयएस २४७०, शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांच्यात किमान १८ मीटर अंतर सांगते. आरोग्य सेवकांच्या प्रशिक्षणात पन्नास फूट, म्हणजे पंधरा मीटर शिकवत. विहिरीचे बांधकाम वरून वीस फुटांपर्यंत पाणी न झिरपणारे असावे, भोवती मीटरभर रुंदीचा बाहेर उतरता ओटा असावा, कठडा कमरेइतका असावा, हेही तिथेच. पण हे मानक कोणी अमलात आणायचे, याचा धनी गावात नाही. महाराष्ट्राने १९९३ मध्ये भूजलाचा कायदा केला, त्यात सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असे बंधन घातले. त्याच्या जागी २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम आला. त्यात विहीरमालकांच्या नोंदणीची तरतूद आहे, साठ मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर नियंत्रण आहे. पाणी कोणी ओढून नेऊ नये म्हणून आपण ५०० मीटर मोजायला तयार झालो. पाणी नासू नये म्हणून लागणारे १८ मीटर मोजायला अजून कोणी टेप उचललेला नाही. शेतातली विहीर सातबाऱ्यावर चढते, तिला वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक असतो. गावठाणातल्या परसातली विहीर आणि तिच्याशेजारचा खड्डा यांची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

दुसरीकडे काय करतात, ते मी वाचून काढले. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात प्रत्येक गावाला स्वतःचे आरोग्य मंडळ असते आणि खाजगी विहिरी व सेप्टिक टाक्या या दोन्हींवर देखरेख त्याच एका मंडळाची. शोषक्षेत्र, म्हणजे टाकीचे पाणी जमिनीत मुरवण्याची जागा, आणि खाजगी विहीर यांच्यात तिथे शंभर फूट अंतर लागते, आणि घर विकायचे असेल तर विक्रीच्या वेळी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते. तिथली जमीन वेगळी, पैसा वेगळा, ते सगळे उचलून इथे आणावे असे मी म्हणणार नाही. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटली, ती म्हणजे विहीर आणि खड्डा एकाच वहीत, एकाच माणसाच्या नजरेखाली असणे.

तशी वही ठेवायला आपल्याकडेही जागा आहे. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक गावात कागदावर तरी आहेच. तिच्या नावातच पाणी, आरोग्य आणि स्वच्छता तिन्ही आहेत. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात, २००५ नंतर, अशा समित्यांना वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे समितीने गरजेप्रमाणे खर्चायचा निधी देण्याची सोय झाली. बऱ्याच गावांत तो फवारणीत, सतरंज्यांत आणि वजनकाट्यात संपला. आमच्या समितीत मी निवृत्त कर्मचारी म्हणून बसतो. अहवाल आल्यावर मी तो सर्वांसमोर ठेवला, माझ्याच टाकीपासून सुरुवात केली, आणि समितीने गावठाणातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बोअर आणि प्रत्येक खड्डा मोजायचे ठरवले. आशाताई, जलसुरक्षक, अंगणवाडीताई आणि मी, असे चौघे दिवाळीनंतर पाच रविवार फिरलो.

गावठाणात ४१ विहिरी आणि २३ बोअर निघाले. ग्रामपंचायतीला माहीत होते तीन विहिरी आणि पाच हातपंप. ४१ पैकी फक्त ६ विहिरींपासून सर्वांत जवळचा खड्डा १८ मीटरच्या पलीकडे होता. बोअर खोल म्हणून निर्धास्त असलेल्या घरांना आम्ही केसिंग पाइप किती फूट टाकला ते विचारले. बहुतेकांचे उत्तर वीस ते तीस फूट, पाषाण लागेपर्यंत. पाइप आणि बोअरच्या छिद्राची भिंत यांमधली पोकळी सिमेंटने कोणीही भरलेली नव्हती, त्यामुळे वरचे पाणी पाइपाच्या बाहेरून सरळ खाली उतरायला वाट होती. एका घरी तर वाळलेल्या जुन्या विहिरीवर स्लॅब टाकून तिचीच शौचालयाची टाकी केलेली होती. घरमालकिणीने ते मोठ्या समाधानाने दाखवले, खर्च वाचला म्हणून. तिला मी काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण आवाज चढला, आणि संध्याकाळी परत जाऊन मला तिची माफी मागावी लागली. तिला कोणी सांगितलेच नव्हते.

ही अवस्था फक्त आमच्या गावापुरती नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेट जास्त असलेले देशातले जे पंधरा जिल्हे वेगळे काढले, त्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती आणि यवतमाळ हे चार विदर्भातले आहेत. त्यात युरियाचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण गावठाणातल्या विहिरीत नायट्रेटच्या जोडीला मैल्याचे जंतू सापडतात तेव्हा बोट युरियाकडे दाखवता येत नाही. आणि क्लोरीन नायट्रेटला हात लावत नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने घरगुती विहिरींसाठी दुहेरी मडक्याची सोपी पद्धत काढलेली आहे. एक किलो पावडर, दोन किलो जाड वाळू, भोक पाडलेले मडके दुसऱ्या मोठ्या मडक्यात, आणि ते पाण्याखाली मीटरभर सोडून ठेवायचे. छोट्या विहिरीला दोन-तीन आठवडे पुरते. आम्ही नऊ घरांत ती मडकी बसवून दिली. त्याने जंतूंचा बंदोबस्त होतो. परंतु रंग पिवळा आला म्हणून खड्डा आपल्या जागी बरोबर आहे असा अर्थ घरच्यांनी काढू नये, हे प्रत्येक उंबऱ्यावर सांगावे लागले.

सर्वांत अवघड प्रश्न जागेचा आहे आणि त्याला सोपे उत्तर मला सापडलेले नाही. चाळीस बाय पन्नासच्या भूखंडावर घर, विहीर आणि खड्डा असेल तर १८ मीटर आणायचे कोठून? शेजाऱ्याची विहीर भिंतीपलीकडे. तिथे खड्डा हलवण्यापेक्षा पिण्याचे पाणी हलवणे शहाणपणाचे ठरते. म्हणजे ती विहीर धुण्या-भांड्यांसाठी ठेवून पिण्यासाठी नळ. नळ आले आहेत, माणशी ५५ लिटरचे आश्वासनही आहे, पण उन्हाळ्यात पाणी दिवसाआड, कधी चौथ्या दिवशी येते, आणि नळ कोरडा असला की माणूस घरच्या विहिरीकडेच वळतो. म्हणून नळाची नियमितता हा मला खड्ड्याच्याच प्रश्नाचा भाग वाटतो. जिथे तळ उघडा आहे तिथे तो सिमेंटने बंद करून खरी टाकी करायची म्हटले, तर ती भरणार आणि उपसावी लागणार. हाताने उपसायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि ती असलीच पाहिजे. टाकीत उतरलेल्या माणसाचा जीव जायला दोन श्वास पुरतात. तालुक्याहून उपसणारा टँकर येतो, पण तो गाळ कुठे रिकामा करतो, हे आम्ही एकदा मागोमाग जाऊन पाहिले. नाल्यात. आमच्याच नळयोजनेच्या विहिरीच्या वरच्या अंगाला.

त्यामुळे समितीने ग्रामसभेपुढे ठेवलेला ठराव लहान आहे. नवीन खड्डा, विहीर किंवा बोअर घेण्याआधी समितीच्या दोन माणसांनी जागेवर टेप लावायचा आणि वहीत अंतर लिहायचे. घरच्या विहिरींचीही पावसाळ्यानंतर संचावर तपासणी करायची आणि निकाल घरमालकाला लेखी द्यायचा. घरात गरोदर बाई किंवा सहा महिन्यांच्या आतले बाळ असेल तर त्या घराची तपासणी सर्वांत आधी. आणि टँकरवाल्याला नाला नव्हे तर पंचायतीने दिलेली, वस्ती आणि विहिरींपासून लांबची जागा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत पहिल्या तीन गोष्टींना हात वर झाले. चौथी अडली, कारण आपल्या शेताजवळ ती जागा कोणालाच नको आहे. तो विषय १ मेच्या सभेत पुन्हा येईल.

आमची जुनी टाकी मी फाल्गुनात बंद केली. आतला गाळ टँकरने उपसला आणि तो आमच्याच पडीक धुऱ्याला खड्डा घेऊन, चुना टाकून पुरला. फट असलेला तळ काँक्रीटने बुजवला. नवे दोन उथळ खड्डे घराच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या कडेला, विहिरीपासून बासष्ट फुटांवर घेतले, भोवती वाळूचा थर देऊन. काम त्याच गवंड्याने केले, आता त्याचे केस पांढरे झाले आहेत. चार फुटांवर मी त्याला थांबवले तेव्हा तो वर पाहून म्हणाला, “काकाजी, हे तं दोन-तीन वर्सांत भरन.” मी म्हणालो, भरू दे. विहिरीचे पाणी अजून पिण्यात नाही. चैत्रात घेतलेल्या नमुन्यात जंतू निघाले नाहीत, नायट्रेट ७१ आले. पुढचा नमुना पावसाळा संपल्यावर, झऱ्याला धार लागली की.